काव आणि आमसुली: गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या एका घराच्या रंगकामाच्या नोंदी

घर जांभ्याच्या चिऱ्यांचं, वर मंगलोरी कौलं. हाती घेतलेलं काम: पडवीची जमीन, बाहेरच्या भिंतींचा तळाचा पट्टा, देवघरातली कावीची (ओल्या चुन्याच्या थरात कोरलेल्या तांबड्या-पांढऱ्या नक्षीची) एक चौकट, दारं-खिडक्या, दिवे, पडदे आणि नावाची पाटी. सगळीकडे रंग एकच हवा आहे, काळपट तांबूस तपकिरी.

२ नोव्हेंबर

पहिलं काम शब्दांचं. हा रंग मागायला प्रत्येक जण वेगळा शब्द वापरतो आणि प्रत्येक शब्दामागचा रंग वेगळा असतो. तपकिरी म्हणजे तपकिरीच्या डबीतला, पिवळसर छटेचा. विटकरीत नारिंगी जास्त. मरून जांभळ्याकडे झुकतो. डाळिंबी फारच उजळ. काताच्या रंगात तांबडेपणा कमी. वाळलेल्या कोकमाच्या सालीचा जो काळसर तांबडा, तो आमसुली. साड्यांच्या दुकानात हा शब्द अजून नेमका चालतो. आणि काव म्हणजे तांबड्या मातीचा, जांभ्याच्या कुळातला. आपल्याला हवा तो रंग काव आणि आमसुली यांच्या मधोमध बसतो.

शब्दांवर सोडलं तर गवंडी, सुतार आणि छापखाना तीन वेगळे रंग करून आणतील, म्हणून खूण पक्की केली: मातीचे रंग मोजायच्या मन्सेल तक्त्यातला २.५ वायआर ३/४. यात २.५ वायआर ही छटा (वायआर म्हणजे पिवळा-तांबडा), पहिला आकडा (३) उजळपणा आणि दुसरा (४) रंगाची तीव्रता. उजळपणा ० ते १० या मापावर ३ म्हणजे रंग बराच गडद, आणि तीव्रता ४ म्हणजे तो भडक मुळीच नाही. तांबडेपणा जाणवतो, ओरडत नाही. स्क्रीनसाठी याच्या जवळचं मूल्य लाल १०४, हिरवा ५८, निळा ४६ असं धरलं. तयार रंगाच्या दुकानात राल या रंगक्रमांकांच्या तक्त्यातले ३००९ आणि ८०१२ हे शेजारी सापडतात. पहिला जास्त तांबडा, दुसरा बराच जवळचा.

वेबच्या मानक रंगांत 'मरून' म्हणून जो आहे तो १२८, ०, ०. त्यात हिरवा आणि निळा शून्य, म्हणजे माती अजिबात नाही. तो या घरावर कुठेही वापरायचा नाही.

५ नोव्हेंबर

मातीचे तीन नमुने आले. एक डोंगरउतारावर खणलेल्या खड्ड्यातला, एक बाजारातला गेरू, एक कारखान्याचा लाल ऑक्साइड. तिन्हींत रंग देणारं द्रव्य एकच, लोहाचं ऑक्साइड, म्हणजे हेमॅटाइट. बाकी सगळा फरक सोबतच्या चिकणमातीचा, वाळूचा आणि कणांच्या आकाराचा. कण बारीक असले की रंग नारिंगीकडे जातो, मोठे असले की जांभळट होतो. कारखान्याच्या ऑक्साइडच्या दोन पोत्यांवर नाव एकच असूनही रंग दोन निघतात, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच.

जुने गवंडी चांगल्या प्रतीच्या मातीला हुरमुंजी म्हणतात. हा शब्द इराणच्या आखातातल्या होर्मुझवरून आला; तिथल्या बेटावरची तांबडी माती समुद्रमार्गाने लांबलांब जात असे. इथे पायाखाली तांबडी माती असताना बाहेरची माती का विकली जायची, याचं उत्तर खालच्या बादल्यांत दिसलं.

खड्ड्यातली माती निथळून घेतली. ५ किलो माती २० लिटर पाण्यात रात्रभर भिजवली, सकाळी काठीने ढवळली आणि ३० सेकंद थांबून वरचं गढूळ पाणी दुसऱ्या बादलीत ओतलं. तळाला वाळू आणि खडे राहिले. दुसऱ्या बादलीतलं पाणी दीड दिवस निवळू दिलं, वरचं काढून टाकलं, गाळ कापडावर पसरून सावलीत वाळवला, पाट्यावर वाटून वस्त्रगाळ केला. ५ किलोतून १ किलो ३०० ग्रॅम काव मिळाली आणि तिच्यातही चिकणमाती बरीच होती. चुन्यात मिसळून काचेवर २ मिलिमीटरचा थर दिला, तर वाळताना त्याला चिरा गेल्या. चिकणमाती पाण्याने फुगते आणि वाळताना आक्रसते, चुना तिला धरून ठेवू शकत नाही. बाहेरची माती लोक पैसे मोजून घेत त्याचं कारण हेच: रंग जास्त, चिकण कमी.

निर्णय: देवघरासाठी खड्ड्यातली काव आणि बाजारचा गेरू समप्रमाणात. जमिनीसाठी कारखान्याचा ऑक्साइड, कारण तिथे प्रत्येक घाण्यात रंग सारखा यायला हवा.

८ नोव्हेंबर

खड्ड्यातल्या मातीत पिवळे खडे बरेच होते. ते गोथाइट या लोहखनिजाचे; त्यात पाणी बांधलेलं असतं. साधारण ३०० अंशांच्या पुढे तापवलं की पाणी निघून जातं आणि पिवळं तांबडं होतं. लोखंडी तव्यात कोळशावर तासभर भाजले, रंग विटकरी आला. आणखी तापवत गेलं, म्हणजे ७००-८०० अंशांच्या वर, तर कण एकमेकांना चिकटून मोठे होतात आणि रंग जांभळट काळपट होतो. तव्यावर ते तापमान येत नाही, कुंभाराच्या भट्टीत येतं. डिचोलीकडे कुंभारकाम आहे, तिथल्या एका भट्टीत मडक्यांच्या मधे झाकण घातलेल्या बोळक्यातून २ किलो माती भाजून आणायची.

बोळक्यात कोळशाची पूड किंवा पालापाचोळा जाता कामा नये. आत हवा नसेल आणि जळणारं काही असेल तर लोहाचं ऑक्साइड काळं पडतं. मडकी धुरात काळी होतात तशीच.

१३ नोव्हेंबर

भट्टीतली माती आली. हवा होता त्याच्या अगदी जवळचा रंग, पण थोडा उजळ. गडद करायचे चार मार्ग एकेका चिऱ्यावर करून पाहिले.

काजळी: पाण्यात मिसळतच नाही, वर तरंगते. चुन्यात घोटून घातली तरी भिंतीवर काळे ओघळ उतरले. बाद.

काळा लोह ऑक्साइड: ८ भाग कावेला १ भाग. मिसळतो छान, टिकतोही, पण रंग विझल्यासारखा दिसतो.

हिरवा क्रोम ऑक्साइड: १२ भाग कावेला १ भाग. तांबड्याला हिरवा मारतो आणि गडद तपकिरी उरतो, तरी आतून तांबडा झळकत राहतो. चौघांत हाच सर्वांत जिवंत. चुन्याच्या अल्कलीत तो बदलत नाही.

कोकमाचा रस: आमसुली रंगाचा मोह म्हणून. ओल्या चुन्यावर लावताच निळसर-हिरवट झाला आणि दुसऱ्या दिवशी मळकट डाग उरला. कोकमाचा तांबडा रंग अँथोसायनिन या वनस्पतिद्रव्याचा, तो आंबटात तांबडा राहतो. ओल्या चुन्याचा सामू १२ च्या वर असतो, तिथे त्याचा रेणूच बदलतो. वनस्पतीचा रंग चुन्याच्या भिंतीवर चालेल असं कुणी सांगितलं तर आधी एका चिऱ्यावर लावून आठवडाभर थांबावं.

हिरवा ऑक्साइड पक्का केला.

१४ नोव्हेंबर, सुतारकामाआधीची सूचना

जुन्या खिडक्यांवर खालच्या थरात नारिंगी-तांबडा प्रायमर दिसतो आहे. तो साधा लाल ऑक्साइड असेल किंवा शेंदूर असेल. शेंदूर म्हणजे शिशाचं ऑक्साइड. दोन्ही लांबून सारखे दिसतात, म्हणून कोरडं घासायचं नाही. पाणी मारून खरवडायचं, खाली प्लास्टिक अंथरायचं, निघालेला कचरा वेगळ्या पिशवीत, मुलं कामाच्या जागी नकोत. भारतात घरगुती रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९० भाग) ही २०१६ च्या नियमांनी आली. त्याआधीच्या थरांत किती आहे हे पाहून कळत नाही.

१८ नोव्हेंबर

देवघराच्या भिंतीचा गिलावा. जुना सिमेंटचा थर चिऱ्यापर्यंत काढला, दरजा २० मिलिमीटर खोल खरवडल्या. चिरा सच्छिद्र असतो, जमिनीतली ओल वर ओढतो आणि ती बाहेर पडायला वाट हवी. सिमेंटने ती अडते, मग क्षार थराच्या मागे साठून लोणा लागतो आणि पोपडे येतात.

शिंपल्यांचा चुना ५ ऑक्टोबरलाच विरवून पाण्याखाली ठेवलेला आहे. विरवताना चुना उकळतो, डोळ्यांना चष्मा आणि हातांना मोजे हवेतच. गिलाव्याला १ भाग चुना, ३ भाग नदीची वाळू, जाडी १५ मिलिमीटर, दोन थरांत. समुद्राची वाळू कितीही धुतली तरी घ्यायची नाही, मीठ मागे राहतं. लावण्याआधी चिरे तीन वेळा भिजवले. कोरडा चिरा गिलाव्यातलं पाणी पिऊन टाकतो आणि थर भुगा होतो.

आता पंधरा दिवस, सकाळ-संध्याकाळ हलकं पाणी.

३ डिसेंबर, कावीच्या कामाची आखणी

कावी ही गोवा, सिंधुदुर्ग आणि उत्तर कन्नड या पट्ट्यातली भिंतीवरची कला. पांढऱ्या चुन्याच्या थरावर कावेचा थर द्यायचा आणि तो ओला असतानाच खरवडून खालचा पांढरा उघडा करायचा. रंगवलेलं काही नसतं, चित्र थरातच असतं. मोरजीच्या मोरजाई देवळात ती पाहता येते. उत्तर कन्नडमधल्या शिरालीच्या महागणपती महामाया देवळातल्या कामाचीही ख्याती होती. कृष्णानंद कामत यांनी या कलेची छायाचित्रं आणि पद्धत नोंदवून ठेवली नसती, तर आज हातात बरंच कमी उरलं असतं. देवळांच्या जीर्णोद्धारात कावीच्या भिंतींवर टाइल्स बसतात. हे फार मोठं नुकसान आहे; तो थर पुन्हा लावता येतो, त्या हातांच्या रेषा येत नाहीत.

चौकट २.४ मीटर रुंद, ०.९ मीटर उंच. एका दिवसात ६० सेंटिमीटरची पट्टी, म्हणजे चार दिवस. पट्टीचा सांधा नक्षीच्या उभ्या रेषेवरच आणायचा, मोकळ्या तांबड्या जागेत आला तर कायम दिसतो.

कावेचा थर २ मिलिमीटर धरला तर २.१६ चौरस मीटरला ४.३ लिटर मिश्रण लागतं. सांडलवंड धरून ५.५ लिटर एकदमच तयार केलं. चार दिवसांचे चार घाणे केले असते तर चार रंग झाले असते. प्रमाण: ३ भाग विरवलेला चुना, १ भाग काव (हिरव्या ऑक्साइडसह), सगळं मापाने. गूळ दर ५ किलो चुन्याला ५० ग्रॅम, पाण्यात विरघळवून. गूळ जास्त झाला तर थर घट्ट व्हायला उशीर होतो आणि मुंग्या येतात.

४ ते ७ डिसेंबर

रोजचा क्रम असा ठरला. सकाळी ७ ला गिलावा भिजवणे. ७.३० ला पांढरा थर, १ भाग चुना आणि १ भाग संगमरवराची पूड, ४ मिलिमीटर. तो बोटाने दाबल्यावर खळगा पडेल पण बोटाला लागणार नाही, अशा अवस्थेत साधारण १० वाजता कावेचा थर, दोन हातांत. दुसरा हात पहिल्याला आडवा. लोखंडी थापी घट्ट दाबून फिरवायची. दुपारी १ वाजल्यापासून कोरायला सुरुवात, ५ पर्यंत संपवायचं.

सुतळीने रेषा आखल्या, वर्तुळं खिळा-दोरीने, कमळाच्या पाकळ्यांसाठी छिद्रं पाडलेला कागद आणि कोळशाच्या पुडीची पुरचुंडी. कोरायला पोलादी काटा, रुंद जागेसाठी चपट्या टोकाची पट्टी. काटा भिंतीला काटकोनात न धरता थोडा तिरपा धरला की कड स्वच्छ निघते.

पहिल्या दिवशी घाई झाली. १२ वाजताच कोरलं, तर काव काट्याबरोबर ओढली जाऊन पांढऱ्या रेषा गुलाबी झाल्या. तिसऱ्या दिवशी उलट: वारा सुटला, थर लवकर सुकला, कडा चिपांसारख्या उडाल्या. दारं बंद करून ओलं कापड समोर टांगलं तेव्हा सावरलं. योग्य क्षणाची खूण: खरवडलेला तुकडा वळी होऊन पडतो. चिखल होत असेल तर थांबावं, भुगा होत असेल तर वेळ गेली.

पहिली पट्टी काढून ८ तारखेला पुन्हा केली. चुन्याच्या कामात दुरुस्तीचा तुकडा लपत नाही, पूर्ण पट्टीच काढावी लागते.

१६ डिसेंबर, घोटाई

नदीतला गुळगुळीत गोटा आणि पाण्याचा हात घेऊन कावेचा भाग घोटला. रोज अर्धा तास, पाच दिवस. याच कामात सगळा रंग आहे, म्हणून जरा सविस्तर.

घोटण्याआधी चौकट फिकट, धुरकट तांबडी दिसत होती. तक्त्यावर उजळपणा ५. घोटल्यावर ३ ते ४ च्या मधे. काव तीच, प्रमाण तेच. खडबडीत पृष्ठभागावर पडणारा पांढरा प्रकाश चहूकडे विखुरतो आणि रंगावर पांढरं पाणी चढल्यासारखं होतं. गुळगुळीत केल्यावर तो प्रकाश एकाच दिशेला जातो, डोळ्यात फक्त रंगाचा प्रकाश येतो. ओली भिंत गडद आणि वाळलेली फिकट दिसते तेही याचमुळे. म्हणून चुन्याच्या सफेदीत काव कालवून ब्रशने कितीही हात मारले तरी हा गडद रंग येत नाही. सफेदीत चुन्याच्या वजनाच्या दहा टक्क्यांपलीकडे काव घातली तर ती बांधली जात नाही, हाताला लागते. गडद हवा असेल तर काव वाढवायची नाही, घोटाई वाढवायची.

चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा दगड होतो आणि कावेचे कण त्यात अडकतात. याला महिने लागतात. थोडी ओल लागते, फार ओल चालत नाही, कारण छिद्रं पाण्याने भरली की हवा आत जात नाही. गोव्यात पावसाळ्यात हे काम का करत नाहीत ते यातच आलं.

२० डिसेंबर

देवघरात हा रंग किती असावा यावर मतं होती. पूर्ण खोली कावेच्या रंगाची केली तर छत खाली आल्यासारखं वाटतं आणि समईचा प्रकाश भिंत गिळून टाकते. एक भिंत पुरेशी. अर्थाच्या बाजूनेही: तुळशी वृंदावनाला, मातीच्या बैठकीला, सणाला उंबऱ्याजवळ गेरूचा हात पूर्वीपासून दिला जातो, तो जागा तयार केल्याची खूण म्हणून. संन्याशाचं काषाय वस्त्रही याच घराण्यातलं. कन्नडमध्ये तर त्या वस्त्रालाच कावी म्हणतात. हा रंग देवाच्या मागे, खाली किंवा भोवती बसतो. मूर्तीवरचा मान कुंकवाचा आणि शेंदराचा.

६ जानेवारी, पडवीची जमीन

६ मीटर गुणिले २.४ मीटर. १.२ मीटरचे दहा चौकोन, मधे पितळी पट्ट्या. इतके छोटे चौकोन नसतील तर सिमेंट आक्रसताना कुठेही वेडीवाकडी चीर पडते. पट्टी असली की ती पट्टीशेजारी राहते.

खाली ४० मिलिमीटर काँक्रीट, त्यावर १:३ चा १२ मिलिमीटर थर, तो ओला असतानाच रंगीत थर ६ मिलिमीटर, १ भाग सिमेंट आणि २ भाग बारीक वाळू. सगळ्या जमिनीला सिमेंट ५५ किलो. ऑक्साइड सिमेंटच्या वजनाच्या ७ टक्के, म्हणजे ३.८५ किलो. एका चौकोनाला सिमेंट ५.५ किलो, ऑक्साइड ३८५ ग्रॅम. दहा पिशव्या आधीच वजन करून बांधून ठेवल्या. घमेल्याने अंदाज घेतला की दहा चौकोन दहा रंगांचे होतात. १० टक्क्यांच्या वर ऑक्साइड घालून रंग आणखी वाढत नाही, थर मात्र कमजोर होतो.

सिमेंट करडंच घ्यायचं. पांढऱ्या सिमेंटमध्ये हाच ऑक्साइड गुलाबी होतो. आपल्याला हवा तो काळपटपणा करड्या सिमेंटमधून फुकट मिळतो, हिरव्या ऑक्साइडची गरजच पडली नाही. ऑक्साइड आणि सिमेंट कोरडं असतानाच दोनदा चाळून एकजीव केलं, पाणी नंतर, प्रत्येक घाण्याला मोजून. पाणी जास्त झालेला चौकोन फिकट निघतो.

वरून कोरडं सिमेंट भुरभुरून थापी मारायची गवंड्यांची सवय आहे. त्याने लगेच चकाकी येते आणि महिन्याभरात कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा उमटतात. नको म्हणून सांगितलं, उभं राहून पाहिलं.

१५ जानेवारी

चौथ्या आणि सातव्या चौकोनावर ढगांसारखे पांढरट डाग. जमीन ओली राहावी म्हणून प्लास्टिक अंथरलं होतं. ते जिथे टेकलं तिथे एक रंग, जिथे फुगलं तिथे वाफ जमून थेंब पडले आणि सिमेंटमधला चुना वर येऊन पांढरा झाला. बाकीच्या चौकोनांवर मातीच्या बांधात २५ मिलिमीटर पाणी सात दिवस उभं ठेवलं, ते एकसारखे आले. डाग ओल्या बारीक पॉलिश कागदाने काढले, ॲसिड लावलं नाही. ॲसिड डागाबरोबर रंगाचा थरही खातं.

पाणी काढल्यावर आठवडाभर वाळू दिलं, मग नारळाच्या सोडणाने घासून खोबरेल तेलाचा अगदी पातळ हात. जमिनीचा रंग त्या एका हाताने दोन पायऱ्या गडद झाला. तेल जास्त झालं तर धूळ धरतं; तासाभराने कोरड्या फडक्याने पुसून घेणं सक्तीचं.

२४ जानेवारी, लाकूड

दारं फणसाच्या लाकडाची. फणस कोवळा असताना पिवळा, वर्षं गेली की आपोआप तांबूस तपकिरी होतो, म्हणून त्यावर रंग चढवायचा नाही, उकळलेल्या जवसाच्या तेलाचे दोन हात पुरे. खिडक्यांच्या बाहेरच्या झडपांना तेलात लाल ऑक्साइड, १ लिटरला २५० ग्रॅम. ऑक्साइड उन्हातले अतिनील किरण अडवतो, लाकडाचं आयुष्य वाढवतो.

तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकायची नाहीत. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं, गोळा केलेलं फडकं आपोआप पेट घेतं. पाण्याच्या बादलीत बुडवून, मग उघड्यावर पसरून वाळवायची.

वाशांच्या टोकांना काजूच्या टरफलांचं तेल, एक हात. रंग हवा तसाच गडद तांबूस, आणि वाळवी लांब राहते. ते कातडीवर फोड आणतं. लांब मोजे आणि बंद बाह्या.

३ फेब्रुवारी, दिवे

पडवीत आधीच असलेल्या पांढऱ्याशुभ्र ६५०० केल्विनच्या एलईडीखाली जमीन चिखलासारखी दिसते. २७०० केल्विनचा दिवा लावला, तांबडा परत आला. पण २७०० च्या दोन वेगवेगळ्या बल्बांखालीही फरक होता. खोक्यावर लिहिलेला रंगदर्शन निर्देशांक (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचं माप) ८० असला तरी गडद तांबड्याचं वेगळं माप, आर-९, स्वस्त बल्बांत शून्याच्या आसपास असतं. या रंगाला ९० च्या वरचा निर्देशांक आणि आर-९ किमान ५० असलेले दिवे घ्यावेत. कावीच्या चौकटीवर दिवा समोरून नको. वरून तिरपा, म्हणजे कोरलेल्या कडांची सावली पडते.

९ फेब्रुवारी, कापड

पडद्यांसाठी आमसुली रंगाचं सुती कापड आणलं, बिनकाठाचं. घरातल्या वयस्कर बाईंनी ते हातात घेऊन बाजूला ठेवलं आणि एकच शब्द म्हटला, "आलवण".

हे ध्यानात ठेवायलाच हवं होतं. आलाच्या मुळीने रंगवलेलं, काठ नसलेलं, मंद तांबडं लुगडं म्हणजे आलवण. केशवपन केलेल्या विधवांच्या वाट्याला ते यायचं. गेरूचा तांबडा मंगल आणि आलवणाचा तांबडा शोकाचा, आणि दोन्हींत छटेचं अंतर थोडंच. डोळा ते अंतर रंगापेक्षा काठावरून ओळखतो. साडीला हळदी किंवा हिरवा काठ असला की आमसुली रंग सणाचा होतो, लग्नाच्या पंगतीत बसतो. काठ काढून टाकला की जुन्या पिढीच्या मनात दुसरंच उभं राहतं. ज्या घरात ती आठवण आहे तिथे या रंगाचं सपाट कापड मोठ्या प्रमाणात वापरू नये.

कापड तेच ठेवलं, ६ सेंटिमीटरचा हळदी काठ जोडला. बाईंनी स्वतः काठाचं कापड निवडलं.

१७ फेब्रुवारी, नावाची पाटी

पार्श्वभूमी आपला रंग (१०४, ५८, ४६). अक्षरांचा रंग ठरवण्याआधी उजळपणाचं गुणोत्तर काढलं. वाचायला किमान ४.५ हवं. शुभ्र पांढरा ९.४. चुन्याचा पिवळसर पांढरा (२४५, २३३, २१०) ७.८. हळदी (२३२, १७४, ५२) ४.७, जेमतेम. काळा २.२. पानाचा हिरवा (४६, १०४, ५८) १.४. या शेवटच्या जोडीत रंग वेगळे असूनही उजळपणा जवळजवळ सारखा, त्यामुळे अक्षरं लांबून दिसतच नाहीत, आणि तांबडा-हिरवा फरक न कळणाऱ्याला तर जवळूनही नाहीत. गर्द तपकिरी पाट्यांवर काळी अक्षरं लिहिण्याची चूक गावोगाव दिसते.

पिवळसर पांढरा घेतला. गडद पार्श्वभूमीवर उजळ अक्षरं आहेत त्यापेक्षा जाड भासतात, म्हणून अक्षराची रेषा एक घर बारीक केली, पण शिरोरेषा आणि मात्रांमधली फट वाढवली. "श्री" आणि "क्ष" मधल्या बंद जागा आधी बुजतात, त्या मुद्दाम मोकळ्या केल्या.

छापील पत्रिकेसाठी चकाकी नसलेल्या कागदावर हा रंग काळवंडतो, कारण शाई कागदात झिरपते. काळी शाई दहा टक्क्यांनी उतरवायला सांगितलं, चारही शाया मिळून एकूण २५० टक्क्यांच्या आत.

२४ ते २८ फेब्रुवारी, तळाचा पट्टा

बाहेरच्या पांढऱ्या भिंतींना तळाशी तांबडा पट्टा. तयार इमल्शन लावलं तर पहिल्याच पावसाळ्यात चिऱ्यातली ओल त्याला फोडासारखं उचलेल. त्यामुळे चुना, वाळू आणि काव एकत्र कालवलेला ४ मिलिमीटर थर, पूर्ण जाडीत रंगीत. ओरखडा पडला तरी आतून तोच रंग. घोटाई थोडीच, कारण बाहेर फार गुळगुळीत पृष्ठभागावर ओघळ दिसतात. उंची ४५ सेंटिमीटर ठेवली. ६० मागितली होती, पण मग बुटक्या पडवीत भिंतीचा निम्मा भाग गेल्यासारखा दिसतो. वरची कड सुतळीने, त्यावर १२ मिलिमीटरची पांढरी खाच.

२१ जून

पाऊस सुरू होऊन दोन आठवडे. पागोळ्यांचं पाणी अंगणातल्या तांबड्या मातीवर आपटून भिंतीवर उडतं. मोजलं: पुढच्या बाजूला ३१ सेंटिमीटर, पश्चिमेला ३८. सगळे शिंतोडे पट्ट्यात पडले, आणि पट्टा मातीच्याच रंगाचा असल्याने दिसत नाहीत. शेजारच्या बिनपट्ट्याच्या भिंतीवर त्याच उंचीपर्यंत तांबडी नक्षी उठली आहे.

मागच्या बाजूला न्हाणीघराचा नळ गळतो, तिथे मात्र शिंतोडे ५२ सेंटिमीटरपर्यंत. आधी नळ दुरुस्त, मग ऑक्टोबरात तेवढाच पट्टा १५ सेंटिमीटरने वर.

कावीच्या चौकटीला डावीकडे खाली तळहाताएवढी ओल. लोणा अजून नाही. हात लावायचा नाही, पुसायचं नाही, दिवाळीपर्यंत वाळू द्यायचं.

उरलेलं कावेचं मिश्रण ७०० मिलिलिटर, झाकणाच्या बरणीत, वर दोन बोटं पाणी. बरणीवर लिहिलं: ३ चुना, १ काव, भट्टीतली माती नोव्हेंबरची. पाणी कमी झालं की वरून घालणे.